हातभर सरकलेली सरहद्द

१

दरवाजे उघडले आणि सरहद्द जागेवर नव्हती.

पळवून नेली म्हणावं, तर समोरच टेबलावर पडलेली होती, चांगली लखलखीत. फक्त जिथं असायला हवी तिथून हातभर बाजूला.

आता सरहद्द टेबलावर कशी पडते, हे सांगायला हवं. दोन देश होते, शेजारी शेजारी. एक उगवतीकडचा, एक मावळतीकडचा. दोन्ही इतके अवाढव्य, की एखादी अफवा राजधानीतून निघाली तर गावकुसाला पोचेपर्यंत म्हातारी होऊन मरायची. मधे डोंगर, डोंगरात एकच खिंड, खिंडीत एक दगडी घर आणि घरात एक दालन. जुन्या काळी सीमा आखायची वेळ आली, तेव्हा रेघ कोणी ओढायची यावरूनच दोन पिढ्या भांडणात गेल्या. शेवटी कोणा शहाण्यानं तोडगा काढला. रेघ तूही ओढू नको, मीही ओढत नाही, सूर्यालाच ओढू दे.

मग छपरात उत्तर-दक्षिण अशी एक फट ठेवली. भर मध्यान्ही त्या फटीतून ऊन खाली उतरायचं आणि सोन्याचा दोर टाकावा तशी रेघ जमिनीवर पडायची. तीच सरहद्द. तिच्यावर आडवं टाकलेलं टेबल इतकं लांब होतं, की या टोकाच्या माणसाचा राग त्या टोकाला पोचेपर्यंत निवायचा. टेबलाच्या बरोबर मधोमध पितळी पट्टी बसवलेली. रिवाज असा, की बैठकीच्या दिवशी घड्याळानं बाराचे ठोके दिले की दोन्हीकडचे दरवाजे एकदम उघडायचे. आत येऊन पट्टीवरची उन्हाची रेघ बघायची, मान लववायची आणि मग बसायचं.

त्या दिवशी ठोके पडले, दरवाजे उघडले, माना लववायला म्हणून खाली गेल्या आणि तिथंच अडकल्या. पट्टी अंधारात होती. रेघ पडली होती हातभर पलीकडे, उगवतीच्या बाजूला.

"मुळातच हे कारस्थान आहे!" उगवतीचे सचिव कडाडले. हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका रुळलेला, की त्यांचे स्वतःचे शिपाईसुद्धा त्यांना मागे मुळातचसाहेब म्हणत. "छपराची फट सरकवून आमचा हातभर मुलूख गिळलाय यांनी!"

"तूर्तास मी एवढंच म्हणेन," मावळतीचे सचिव मऊ आवाजात म्हणाले. त्यांचं नाव काय पडलं असेल ते वेगळं सांगायला नको. "फट आहे तिथंच आहे. टेबल ढकललंय. तुमच्या माणसांनी. आमच्या हद्दीत. हातभर."

दोघांनी आपापल्या लेखण्या खिशात परत खोचल्या.

बाहेर खिंडीच्या दोन्ही अंगांना मालमोटारींची रांग डोंगर उतरून पार दिसेनाशी झाली होती. एका बाजूला मीठ, लोकर, सफरचंदं. दुसऱ्या बाजूला औषधं, सायकली, शिवणयंत्रं. आठ वर्षं हा रस्ता बंद होता. आठ वर्षं या शेजाऱ्यांचा व्यापार तिसऱ्याच्या बंदरातून, समुद्राला वळसा घालून चालला होता. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातून वाटीभर साखर मागवावी आणि ती जगप्रदक्षिणा करून यावी, असली तऱ्हा. आज सह्या झाल्या असत्या तर फाटक उघडणार होतं. उद्या दुपारी शिष्टमंडळं परतणार होती, आणि वर शिखरांवर हिवाळा पाय आपटत उभा होता.

"तपास हवा," मुळातच म्हणाले.

"निष्पक्ष हवा," तूर्तास म्हणाले.

आणि मग आठ वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या तोंडून एकदम एकच शब्द निघाला.

"फौजदारबाई!"

२

फौजदारबाई जवळच होत्या. मावळतीच्या फाटकाशी पलीकडे जाणाऱ्यांची रांग लागली होती, त्या रांगेत पहिल्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या. हातात एक गाठोडं, गाठोड्यात आईसाठी विणलेली शाल. त्यांचं माहेर उगवतीचं, सासर मावळतीचं. त्यामुळे एक देश त्यांना लेक म्हणायचा, दुसरा सून म्हणायचा, आणि संशय दोघांनाही सारखाच यायचा. निष्पक्षपणाचा याहून सज्जड दाखला कुठून आणणार?

रस्ता बंद झाला तेव्हा आई पलीकडे राहिली. तिचा शेवटचा निरोप आला तोही समुद्राला वळसा घालूनच. चारच शब्द होते. डोळे आहेत तोवर ये.

बाई दालनात शिरल्या तेव्हा दोन्ही सचिव अजून एकमेकांच्या पूर्वजांपर्यंत पोचले नव्हते, पण वाटेवर होते. ऊन केव्हाच ढगाआड गेलं होतं, आत हुडहुडी भरेल अशी थंडी. बाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि सवयीनं टेबलावर तळवा टेकला. तळवा ओला झाला.

उगवतीच्या बाजूला टेबलभर दंव साचलं होतं. त्यांनी हात सरकवत नेला. मावळतीची बाजू खडखडीत कोरडी. पट्टी कोरडी. आणि पट्टीच्या पलीकडे, उगवतीच्या हद्दीत, आणखी हातभर कोरडं.

"हे अर्धंच टेबल कोणी पुसलं?" त्यांनी विचारलं.

"आपापली बाजू आपापला माणूस पुसतो," तूर्तास अभिमानानं म्हणाले. "आमचा माणूस कामसू आहे."

"कामसू? अहो, आमच्या हद्दीत हातभर घुसून पुसलंय त्यानं!" मुळातच ओरडले. "ही तर घुसखोरी झाली! फडक्यानिशी!"

"कोणी काही पुसलेलं नाही," दारातून एक घोगरा आवाज आला. तो राखणदार होता. दोन्ही देश त्याला अर्धा अर्धा पगार देत, म्हणून तो दोघांनाही अर्धाच सलाम करी, हात छातीपर्यंतच यायचा. "काल संध्याकाळी दोन्ही साहेबांसमोर दालन बंद केलं. दोन कुलपं, दोन मोहरा. आज बाराला दोघांनीच तोडल्या. मधे माशीसुद्धा आत गेली नाही."

"काका, टेबल कधी हललंय?"

"बाई, वाकून पायांकडे बघा की."

बाई वाकल्या. जमिनीच्या दगडावर त्या पायांनी इतकी वर्षं भार टाकला होता, की दगडात खोलगट वाट्या पडल्या होत्या. पाय त्या वाट्यांत रुतून बसले होते. कडेला ओरखडा नाही. टेबल हललं नव्हतं.

मग छपरावर गवंडीणबाईंना चढवलं. गारपिटीनंतर छपराची डागडुजी त्यांनीच केली होती, म्हणून त्या संशयितही होत्या आणि साक्षीदारही. वरूनच त्यांनी आवाज दिला.

"फट काय दोन दगडांतली फट आहे होय? एकाच अखंड शिळेत कोरलीय ती! शिळेभोवतीचं शेवाळ माझ्या पणजीच्या वयाचं आहे. ही शिळा हलवली असती ना, तर मी तुमच्याशी वरून नाही, तुमच्या शेजारून बोलले असते. ढिगाऱ्यातून!"

छप्पर हललं नव्हतं.

राहिलं घड्याळ. दोन्ही देशांची वेळ वेगळी, आणि दुसऱ्याची वेळ पाळणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून दालनाची वेळ तिसरीच होती, खिंडीची वेळ. बर्फ वितळलं की दरसाल वसंतात बैठक व्हायची, आणि तिच्या आधी दोन्हीकडची माणसं उन्हाची रेघ पट्टीवर येताच मिळून काटे बाराला लावायची, पेटीला मोहर करायची. यंदाच्या वसंतातही घड्याळ तसंच लावलं होतं. पण करारात 'शेजारी' लिहायचं की 'मित्र', यावरून ऐनवेळी फाटलं आणि बैठक लांबत लांबत पानगळीवर आली. घड्याळाची मोहर मात्र शाबूत होती. दोन्ही सचिवांच्या मनगटांवर आपापल्या राजधानीची वेळ होती. बाईंनी ती खिंडीच्या घड्याळाशी ताडून पाहिली. वसंतात जेवढं अंतर होतं तेवढंच आजही.

घड्याळ चुकलं नव्हतं.

फौजदारबाई खुर्चीत टेकल्या. उभ्या नोकरीत त्यांच्यासमोर खोटी माणसं ढिगानं आली होती. पण इथं टेबल खरं बोलत होतं, छप्पर खरं बोलत होतं, घड्याळ खरं बोलत होतं. आणि तरी एका देशाचा काठ हातभर हलला होता.

३

संध्याकाळी विश्रामगृहाच्या खोलीचं दार वाजलं. मुळातचसाहेब आत आले आणि खुर्ची इतकी जवळ ओढून बसले, की त्यांच्या कोटाला येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास बाईंच्या नाकात शिरला.

"ताई," ते म्हणाले. ताई! दुपारी ते 'अहो तपासनीस' म्हणत होते. "मुळातच तुम्ही आमच्या लेक. छपरात गडबड आहे असं उद्या म्हणा. आमची मोटार तुमच्या आईला फाटकापर्यंत घेऊन येईल. आई थकल्यात, माहितेय ना?"

"छपरात गडबड नाही, दादा."

"असेल. पण म्हणायला काय जातं?"

ते गेले आणि खुर्ची निवायच्या आत तूर्तास आले. दाराशीच उभे राहिले, आत यायलाही परवाना लागत असावा तसे.

"वहिनी, तुमचा जाण्याचा परवाना माझ्या खिशात आहे. सही झालेला. टेबल ढकललं गेलं असं म्हणालात तर सकाळी तुमच्या हातात. नाहीतर तूर्तास…" त्यांनी खिशावर हात ठेवला.

"दोघंही एकच खोटं मागताय, भाऊजी," बाई म्हणाल्या. "फक्त तोंडं दोन दिशांना आहेत."

दार लागल्यावर मात्र त्यांचा हात शालीवर गेला. म्हणायला काय जातं? दोन शब्द. एकानं आई मिळते, दुसऱ्यानं परवाना. पण त्यातला एक जरी दालनात पडला, तरी करार फाटणार. मग त्या एकट्या पलीकडे जाणार, आणि ही सगळी रांग इथंच बर्फाखाली जाणार. रांगेत त्यांच्या मागे एक नवरी होती, तिचा नवरा पलीकडे. तिच्यामागे एक म्हातारा होता, त्याचा भाऊ पलीकडे. सगळ्यांच्या हातांत गाठोडी.

त्यांनी शाल नीट घडी घालून ठेवली, डोळे मिटले आणि टेबल पुन्हा आठवलं. अर्धं ओलं. अर्धं कोरडं. कोणी पुसलं नाही. मग दंव सुकवलं कोणी? जो आत आला त्याला कुलूप आडवं आलं नाही, मोहर आडवी आली नाही. तो मावळतीच्या टोकापासून सरकत सरकत पट्टीपर्यंत आला, पट्टी ओलांडली, हातभर पुढे गेला… आणि तेवढ्यात बाराचे ठोके पडले.

बाई ताडकन उठून बसल्या.

अंगण दिसलं त्यांना. माहेरचं. मधोमध लाकडी खांब. पलीकडच्या शाळेत बाराची घंटा झाली की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि खांबाच्या सावलीच्या टोकावर एक पांढरा खडा ठेवायची. दर आठवड्याला एक. वर्षभर. पोरगी असताना बाईंना वाटायचं, खड्यांची सरळ रेघ होणार. पण ती रेघ डावीकडे फुगायची, उजवीकडे फुगायची, स्वतःलाच छेदून पुढे जायची. वर्षाअखेरी अंगणात मधे चिमटा काढलेल्या लांबुळक्या भोपळ्यासारखी आकृती उमटलेली असायची.

"शाळेचा शिपाई डुलक्या काढतो वाटतं घंटा देताना," पोरगी म्हणाली होती.

"शिपाई नाही गं बाई," आई म्हणाली होती. "वर त्याच्याकडे बघ. कधी त्याला घाई असते, कधी रेंगाळतो. वर्षभर एका चालीनं कोण चाललंय?"

फौजदारबाईंनी दार उघडलं. व्हरांड्यात दोन्ही सचिव एकमेकांवर पाळत ठेवत उभे होते.

"गुन्हेगार सापडला," बाई म्हणाल्या. "उद्या दालन घड्याळाच्या बाराला उघडायचं नाही. त्याच्या बरंच आधी उघडायचं. सगळ्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, बोलायचं नाही."

"आणि तो?" मुळातच कुजबुजले.

"तो स्वतःहून येईल. तुमच्या देखत सरहद्द ओलांडेल."

४

सकाळ उजाडली ती पांढऱ्याफटक धुक्यात. खिंड नाही, डोंगर नाही, समोरचा माणूस नाही. दालन उघडलं. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत दंवानं भरलेलं. दोन्हीकडची माणसं भिंतीला टेकून उभी, वरची फट नुसती राखाडी.

वेळ सरकत होता. मुळातचांनी खोकून घेतलं. तूर्तासांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं. ऊन आलं नाही तर गुन्हेगार नाही, करार नाही, फाटक नाही. राखणदारानं छताकडे पाहून पुरा सलाम ठोकला, छातीच्या वर जाणारा. त्याच्या आयुष्यातला तो पहिला असावा.

आणि धुकं फाटलं.

फटीतून ऊन उतरलं. नुसतं पडलं नाही, उतरलं. एखादी राणी जिना उतरते तसं. धुक्याचा ओलावा हवेत होताच, त्यामुळे त्या उन्हाला अंग आलं. छतापासून टेबलापर्यंत उजेडाची एक उभी भिंत तयार झाली. ती मावळतीच्या बाजूला होती, पट्टीपासून थोडी अलीकडे.

आणि ती चालत होती.

इतक्या पिढ्या हे लोक या दालनात येत होते, पण घड्याळाच्या ठोक्याला दार उघडणाऱ्यांनी ती रेघ फक्त पोचलेली पाहिली होती, चालताना कधीच नाही; मान लववून बसले की नजर कागदांवर. दंवाच्या थेंबाथेंबाला ती पेटवत होती, मग विझवत होती. तिच्या मागे लाकूड कोरडं होत होतं. त्यातून वाफ उठत होती.

रेघ पट्टीला टेकली. पितळ पेटलं. दोन देशांमधली सरहद्द त्या क्षणी केसभरही इकडे नव्हती, केसभरही तिकडे नव्हती.

बाईंनी हात केला घड्याळाकडे. बारा वाजायला अजून पाव तास होता.

"हा तुमचा घुसखोर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "टेबल हललं नाही, छप्पर हललं नाही. घड्याळ बरोबर आहे, पण ते वसंतात लावलंय. आजवर तुम्ही बैठका घेतल्यात त्याही वसंतात. तेव्हा घड्याळ आणि ऊन एकत्र चालतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती कललेली, आणि तिची चाल वर्षभर सारखी नाही. कधी जोरात, कधी संथ. पानगळीत सूर्य घड्याळाच्या आधी माथ्यावर येतो. काल बाराला दारं उघडलीत तेव्हा सरहद्द येऊन, तुमची वाट बघून, पट्टी ओलांडून पुढे गेली होती. पट्टीपलीकडचं हातभर कोरडं टेबल ही तिची पावलं."

"म्हणजे मुळातच…" मुळातच म्हणाले आणि थांबले.

"म्हणजे चूक सूर्याची," तूर्तास पुटपुटले. "वर काय कळवू मी? निषेधाचा खलिता कुठं पाठवू?"

गवंडीणबाईंना हसू फुटलं. मग राखणदाराला. मग ते हसू टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं आणि न निवता पोचलं.

रेघ पट्टीवरून निसटायला लागली होती. ती मावळतीतून उगवतीत चालली होती. परवाना न घेता, रोजच्यासारखी. ज्या दिवसांत फाटक बंद होतं त्या दिवसांतही ती अशीच जात होती, या रिकाम्या, कुलूपबंद दालनातून. कोणी बघत नसताना.

"सह्या करा," बाई म्हणाल्या. "ती पट्टीवर आहे तोवर."

दोघं धावले. टेबल एवढं लांब, की मुळातचांना धाप लागली. पट्टीच्या अल्याड एक वाकला, पल्याड दुसरा. 'मित्र' आणि 'शेजारी' यांतला कुठला शब्द ठेवायचा ते राहूनच गेलं होतं. दोघांनीही ती जागा मोकळी सोडली आणि खाली सही ठोकली. शाई ओली असतानाच उन्हाची कडा तिच्यावरून गेली आणि ती वाळवून पुढे निघाली.

नंतर बाराचे ठोके पडले. तेव्हा सरहद्द हातभर सरकलेली होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

५

तूर्तासांनी परवाना काढून दिला. फौजदारबाईंनी तो बघितला, घडी केली आणि मागच्या नवरीच्या हातात ठेवला. "मला आता याची गरज नाही. कोणालाच नाही," त्या म्हणाल्या. फाटकाचे अडसर निघत होते. आठ वर्षांचा गंज असा ओरडला, की डोंगरानं तो तीनदा परत ऐकवला. मीठ निघालं, लोकर निघाली. समोरून औषधं निघाली, सायकली खणखणत निघाल्या.

मुळातचसाहेबांनी शब्द पाळला होता, बाईंनी खोटं न बोलताही. फाटकापलीकडे त्यांनी रात्रीच धाडलेली मोटार उभी होती, आणि मोटारीला धरून एक म्हातारी. मालमोटारींच्या धुरात तोंड वर करून ती नुसती ऐकत होती. डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती.

"आई."

म्हातारीनं हात पुढे करून आधी शाल चाचपली, मग हात, मग तोंड. नाकापाशी थांबली, खात्री केली.

"उशीर केलास गं."

"घड्याळात झाला, आई."

"आणि उन्हात?"

फौजदारबाईंनी शाल तिच्या खांद्यांवर घातली. म्हातारीनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला. दिसत नव्हतं, पण ऊन कुठं आहे ते तिला ठाऊक होतं.

"चल," ती म्हणाली. "उद्या घंटेला खडा तू ठेव. मला सावलीचं टोक दिसेनासं झालंय."